बदली गाडीचा पुरावा

आमच्या कंपनीत हिशोबाची नवी मानकं आली ती लग्न होऊन आली. चाकणच्या एमआयडीसीत गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढणारी आमची कंपनी, मालक एकच, आणि हिशोब त्यांना समजेल एवढाच ठेवायचा अशी पद्धत. मग शेअर बाजारात नाव असलेल्या एका मोठ्या कंपनीने आमच्यात भागीदारी घेतली. मालकांनी पेढे वाटले. भांडवल येणार, बाहेरच्या देशांच्या ऑर्डरी येणार, असं त्यांनी कँटीनमध्ये माइक हातात घेऊन सांगितलं. पण त्या घरात दिल्यावर त्या घरचे कुळाचारही पाळावे लागतात, हे कुणी बोललं नव्हतं. भांडवलाच्या आधी कुळाचार आले.

मी हिशोब खात्यात. केस काळे होते तेव्हापासून आहे, म्हणजे जुनं आणि नवं दोन्ही माझ्या हातून गेलंय. प्रशिक्षणासाठी आम्हाला पुण्यातल्या एका हॉटेलात नेलं होतं. दुपारच्या जेवणात पनीर चांगलं होतं, त्यामुळे मानकं सगळ्यांना आवडली. मला मात्र एक मानक खरोखरच, मनापासून आवडलं. ते भाड्याच्या वस्तूंचं.

पूर्वी भाड्याचा हिशोब सरळ होता. शेड भाड्याचं आहे, भाडं दिलं, खर्चात टाकलं, विषय संपला. नवं मानक म्हणतं, जरा थांबा. जी वस्तू तुम्ही वर्षानुवर्षं आपलीच असल्यासारखी वापरता ती कागदावर दुसऱ्याची असेल, पण वापरायचा हक्क तर तुमचाच आहे ना? मग तो हक्क ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवा, आणि पुढच्या वर्षांचं जे भाडं कबूल करून बसलाय ते देणं म्हणून दाखवा. कागदावर काय लिहिलंय ते नंतर पाहू, आधी खरं काय चाललंय ते सांगा. आमच्या भागात, जिथे जमीन एकाची, सातबारा दुसऱ्याचा आणि शेड तिसऱ्याचं असतं, तिथे असं कुणी विचारतंय याचंच मला कौतुक वाटलं.

आमच्या फायनान्सच्या साहेबांना कौतुक वाटलं नाही. त्यांना बँक दिसत होती. कर्ज आणि स्वतःचं भांडवल यांचं प्रमाण एका रेषेच्या वर गेलं तर बँक व्याज वाढवणार, अशी अट होती. आणि भाड्याच्या वस्तू ताळेबंदात आल्या की देणं वाढतं, प्रमाण वर सरकतं. शेड लपवता येण्यासारखं नव्हतं. जनरेटर आला, फोर्कलिफ्ट आले. साहेबांनी रोज एकेक वस्तू ताळेबंदात जाताना पाहिली आणि त्यांचं तोंड घरातली भांडी विकायला निघालेल्या माणसासारखं होत गेलं. शेवटी रेषेखाली अगदी थोडी जागा उरली, आणि तेव्हा कुणीतरी म्हणालं, “सर, स्टाफची बस राहिली.”

ही बस मामांची.

बस चालवणाऱ्या प्रत्येकाला आमच्याकडे मामाच म्हणतात, पण हे मामा मालकही होते आणि ड्रायव्हरही. कुरुळीच्या जुन्या शेतकरी घरातले. जमीन कारखान्यांच्या पोटात गेली तेव्हा इतरांनी बंगले बांधले, बैलगाड्याच्या शर्यतीसाठी बैल घेतले, काहींनी सोन्याच्या साखळ्या केल्या. मामांनी एक बस घेतली आणि आमच्या कंपनीला लावली. तेव्हापासून ते रोज सकाळी कुरुळीहून रिकामी गाडी घेऊन आकुर्डीला येत, तिथून आम्हाला भरत, निगडी, स्पाइन रोड, मोशी करत परत आपल्याच गावावरून चाकणला जात. म्हणजे त्यांच्या घरापासून कंपनी हाकेच्या अंतरावर, आणि तिथे जायला ते रोज अर्धी पिंपरी-चिंचवड पालथी घालत.

या सगळ्या काळात मामांचा एकही खाडा नाही. ही बाब कंपनीत म्हणीसारखी वापरली जायची. उत्पादनाचे साहेब उशिरा येणाऱ्या पोरांना म्हणायचे, “त्या मामाकडून शिका जरा.” स्टॉपवर कुणी दिसलं नाही तर मामा पुढे जात नसत, फोन लावत. “ताई, निघालात का? का आज सुट्टी हाय? सुट्टी आसंल तर सांगत जावा, जीव टांगणीला लागतो.” मोशीच्या चौकात गाडी अडकली की आम्ही सगळे चडफडायचो, मामा मात्र शांत. “आपण येकटं अडाकलोय का? आख्खी एमआयडीसी अडाकलीय. कंपनी कुठं जात न्हाई.”

आता मामांचं काय पणाला लागलं होतं ते सांगते. त्यांची बस म्हातारी झाली होती. पासिंगला नेली की आरटीओतला माणूस चाकांकडे कमी आणि मामांच्या तोंडाकडे जास्त बघायचा. मामांना नवी गाडी घ्यायची होती, आणि बँकेला दाखवायला कंपनीचं पाच वर्षांच्या कराराचं पत्र हवं होतं. याआधीही त्यांना असंच पत्र मिळालं होतं. त्यात बसचा नंबरसुद्धा लिहिलेला होता. त्या पत्राची मुदत संपत आली होती. नवं मिळालं तर मामा नव्या गाडीचे मालक, न मिळालं तर भंगारात जाणाऱ्या बसचे. घरात दुसरं काही येत नव्हतं. मुलीचं लग्न झालेलं, मुलगा नाही, आणि जमिनीच्या जागी एक गिअरबॉक्सचा कारखाना उभा.

अकरा महिन्यांचा करार केला असता तर मानकाने सोडून दिलं असतं. छोट्या मुदतीच्या भाड्याला त्यात सूट आहे. साहेबांनी तसं सुचवलंही. पण अकरा महिन्यांच्या कागदावर कुठली बँक बस देते? मी ते साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, “बरं, पाच वर्षांचं देऊ. पण मग ही भाड्याची वस्तू नाही, नुसती सेवा आहे, हे ऑडिटरला पटवा.”

भाड्याची वस्तू आणि सेवा यांतला फरक मानकाने असा सांगितलाय: ठरलेली एक विशिष्ट बस तुमच्यासाठीच राखलेली असेल आणि तिचा वापर कसा करायचा ते तुम्ही ठरवत असाल, तर ती तुमच्या ताळेबंदात. पण देणारा माणूस हवी तेव्हा ही बस काढून दुसरी लावू शकत असेल, तर ती सेवा. टॅक्सी बोलावल्यासारखी. कुठली आली, काय फरक पडतो!

ऑडिटर म्हणून एक हुशार मुलगी आली होती, नुकतीच सीए झालेली, नम्र आणि चिवट. ती म्हणाली, “मॅडम, मला त्या बसवाल्यांशीच बोलायचंय.” साहेबांना वाटलं, बरंच झालं, मामा साधा माणूस आहे, बोलेल काहीतरी आणि मिटेल. मामांना मीटिंग रूममध्ये बोलावलं. मामा पहिल्यांदाच वरच्या मजल्यावर येत होते. ते घरी जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले. नव्या पत्रासाठी आपली मुलाखत आहे, असा त्यांचा समज झाला होता, आणि तो सगळाच काही चुकीचा नव्हता.

मुलीने विचारलं, “काका, कधी दुसरी गाडी पाठवायची वेळ आली होती का?”

मामा ताठ बसले. “कदीच न्हाई म्याडम. भाऊ गेला त्या दिवशी बी सकाळची फेरी मारली आन् मंग मातीला गेलो. लोक नावं ठिवत हुते. म्हनलं, माणसं ताटकळत्यात स्टापवर.”

मी डोळे मोठे करून त्यांना खुणावलं. मामांनी ती शाबासकी समजून आणखी जोर लावला.

“मग गाडी नादुरुस्त झाली तर?”

“होतच न्हाई. ऐतवारी दिवसभर मी तिच्याखालीच असतो.”

“रविवारी दुसरीकडे भाड्याने देता का? लग्न, सहल?”

मामांना हा प्रश्न जवळजवळ अपमानासारखा वाटला. “सख्ख्या भाचीच्या लग्नाला दिली न्हाई. दाजी अजून बोलत न्हाईत माझ्याशी. कंपनीला लावलेली गाडी वऱ्हाडाला दिली, आन् सोमवारी सीटवर भाताची शितं निगाली, तर आमची काय इज्जत ऱ्हायली?”

“आणि गाडी कुठून, किती वाजता न्यायची हे कोण ठरवतं?”

“कंपनी. दुसरं कोण ठरवनार?”

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. हाच माणूस इंक्रिमेंटच्या मुलाखतीला बसला असता तर याच उत्तरांवर त्याला बढती मिळाली असती. पण इथे त्याचं प्रत्येक उत्तर बस ढकलत ढकलत ताळेबंदात नेत होतं. ऑडिटर मुलगी सगळं लिहून घेत होती. निघताना मामांनी मला जिन्यात विचारलं, “बरं झालं न्हवं?” मी म्हणाले, “फार बरं झालं, मामा. त्याहून बरं बोलताच आलं नसतं.” हसू आणि राग दोन्ही एकदम येत होते, आणि राग कुणाचा ते कळत नव्हतं.

त्यानंतर साहेबांनी जो उपाय काढला तो आमच्याच भागातल्या माणसाला सुचेल असा. आमच्याकडे गोष्ट नसली तर आधी तिचा पुरावा तयार करतात; मग पुरावा आहे म्हटल्यावर गोष्टही असणारच. साहेब म्हणाले, “मामांना सांगा, अधूनमधून खाडा करा. दुसरी गाडी पाठवा. दोन-चार महिने असं चाललं की बदली गाडीचा पुरावा होईल. करारातून नंबर काढून टाकू. ऑडिटर खूश, बँक खूश, मामांचं पत्र पक्कं.”

मी म्हणाले, “साहेब, जो माणूस भावाच्या मयताला खाडा करत नाही त्याला आपण खाडा करायला सांगायचं?”

“त्यांच्या भल्यासाठीच ना!” साहेब म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांच्या घरात भिंतीवर ‘प्रामाणिकपणा हेच खरं भांडवल’ असं लिहिलेलं मी सत्यनारायणाला गेले तेव्हा पाहिलंय. फक्त ते भांडवल बँकेच्या प्रमाणात धरत नाहीत.

मामांना सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी त्यांच्या बसने जायचे. आकुर्डीला सगळे चढायच्या आधी मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून त्यांना समजावलं. मामांचा चेहरा उतरला.

“म्हंजी काडत्यात व्हय मला?”

“नाही हो मामा. उलट ठेवण्यासाठी चाललंय.”

“ठिवायचं आसंल तर ‘येऊ नको’ कशाला म्हनतील? ताई, काय चुकलं आसंल तर तोंडावर सांगा.”

मी बराच वेळ समजावलं. ताळेबंद, देणं, प्रमाण, बँक. मामांनी शेवटी बँक हा शब्द पकडला. बँकेसाठी आहे म्हटल्यावर त्यांना पटलं. बँकेपुढे माणसाने वाकडंतिकडं व्हावं लागतं, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. म्हणाले, “बरं. कंपनीचं काम हाय ना, मंग करू.”

दुसरा कुणी असता तर त्याने कुठलीही खटारा गाडी पाठवली असती. पुरावाच तर हवा होता. पुराव्याला सीटचं कुशन लागत नाही. मलाही वाटलं होतं, तळेगावकडचा एखादा ओळखीचा शोधतील. पण मामांचं म्हणणं, आपल्या नावाने गाडी जाणार, तर ती आपल्यापेक्षा चांगली पाहिजे. पाहुण्याला आपलं ताट देऊन आपण पत्रावळीवर बसायचं, ही त्यांच्या घरची रीत. आणि गावात चांगल्या गाड्या फक्त एकाकडे होत्या: त्यांच्या चुलत भावाकडे. त्याने जमिनीच्या बदल्यात आलेलं सगळं गाड्यांत घातलं होतं, डझनभर बस होत्या, आणि शेडवर स्वतःच्या फोटोचा फ्लेक्स. दोघांचा बैलगाडा शर्यतीच्या घाटातल्या भांडणापासून अबोला होता. कुणाच्या बैलांची बारी आधी, यावरून सुरू झालेलं ते भांडण बैल विकले गेले तरी चालूच होतं.

मामा त्याच्या दारात गेले. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, रस्त्याकडे बघत, माझ्याकडे न बघता. “चहा पाजला त्यानं. ‘दादा, बऱ्याच दिसांनी’ म्हनला. मी म्हनलं, कंपनीचं काम हाय. गाडी दे येका दिवसापुरती. भाडं घे.” भावाने भाडं घेतलं. चोख घेतलं. ते मामांनी आपल्या खिशातून दिलं, कंपनीकडे बिल लावायचं त्यांना सुचलंसुद्धा नाही. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच.

आणि आकुर्डीच्या स्टॉपवर ती गाडी आली. पांढरीशुभ्र, एसी, मागे सरकणाऱ्या सीटा, मोबाइल चार्ज करायची सोय. आत शिरताना डिझाइन खात्यातल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मोशीला नेहमीसारखं अडकलो, पण त्या दिवशी कुणी चडफडलं नाही. सगळे झोपले होते. क्वालिटीतली एक मुलगी म्हणाली, “मामांना म्हणावं रोज सुट्टी घ्या.” सगळे हसले. मीही हसले. मोठ्या मनाने उधार आणलेली गोष्ट माणसाला किती महागात पडते ते आपण घरोघरी पाहतोच.

पुढच्या महिन्यांत मामांनी सांगितलं तसे खाडे केले. खाड्याच्या दिवशी ते घरी बसत नसत, ते मला नंतर कळलं. आपली बस घेऊन कुरुळी फाट्याला उभे राहत आणि एसी गाडी वेळेवर जाते का ते बघत. गेली की घरी जात. इकडे स्टाफच्या ग्रुपवर आधी हळूच, मग उघड, विचारणा सुरू झाली: एसी गाडी कधी आहे? एसी गाडी रोज का नाही? कानामागून आली आणि तिखट झाली ती, तसं झालं. एचआरने सगळ्यांची मतं मागवली. मामांविरुद्ध कुणीच काही लिहिलं नाही, सगळ्यांनी मामा फार चांगले आहेत असं लिहिलं आणि एसीवर खूण केली.

पुरावा जमला. साहेबांनी ऑडिटर मुलीला मोठ्या समाधानाने बोलावलं. तिने सगळं पाहिलं, मान हलवली, आणि म्हणाली, “सर, बदलू शकतात हे दिसतंय. पण मानकात अजून एक अट आहे. गाडी बदलण्यात देणाऱ्याचा स्वतःचा फायदा असला पाहिजे. या काकांना बदली गाडीचं भाडं पदरचं भरावं लागतंय. नुकसान सोसून कुणी हक्क वापरत नाही. मग हा हक्क खरा नाही, नुसता दाखवायचा आहे. ही बस अजूनही तुमच्याच ताळेबंदात येते.”

मला त्या मुलीला मिठी मारावीशी वाटली. एवढा सगळा खटाटोप तिने एका वाक्यात ओळखला होता. मानक खरंच शहाणं होतं, कागदाच्या आत हात घालून नेमकं खरं बाहेर काढणारं. त्या क्षणी मला वाटलं, झालं, आता साहेब नाइलाजाने बस ताळेबंदात घेतील, प्रमाण जेमतेम बसेल, मामांना पत्र मिळेल.

साहेबांनी विचारलं, “मग गाडी बदलण्यात फायदा कुणाचा असतो?”

मुलगी म्हणाली, “ज्याच्याकडे बऱ्याच गाड्या आहेत त्याचा. आज ही इथे, उद्या तिथे. ज्या रिकाम्या त्या लावायच्या.”

बऱ्याच गाड्यांचा माणूस आम्हा सगळ्यांना माहीत होता. त्याचं भाडं, त्याचा ड्रायव्हर, त्याच्या सीटा, सगळं आम्ही वापरून पाहिलं होतं. आणि त्याला आमच्या दारापर्यंत मामांनीच आणलं होतं.

त्यानंतर मी साहेबांशी भांडले. असं मी नोकरीत क्वचितच भांडले असेन. म्हणाले, ती एक बस ताळेबंदात घेतली तर आभाळ कोसळत नाही, प्रमाण अजून रेषेखाली आहे, मी आकडे मांडून दाखवते. साहेब म्हणाले, “आज आहे. उद्या एखादी ऑर्डर घसरली तर? आणि मॅडम, लोकांना एसी हवाय, खर्च तेवढाच, ताळेबंद स्वच्छ. तुम्हीच सांगा, यात चूक काय?” त्यांच्या प्रत्येक वाक्याला आकडा होता. माझ्याकडे फक्त मामा होते, आणि मामांना आम्ही ताळेबंदाच्या कुठल्याही बाजूला दाखवलेलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला सुळी, एवढंच मी म्हणाले, आणि ते साहेबांना कळलं पण नाही, कारण चोर होताच कुठे!

करार चुलत भावाला गेला. त्यात एका ओळीत लिहिलं होतं, देणारा कोणतीही बस पाठवू शकतो. ऑडिटर मुलीने ती ओळ वाचली, त्याच्या गाड्या मोजल्या, आणि यावेळी तिच्याकडे हरकत नव्हती. ताळेबंदात बस आली नाही. भागीदार कंपनीच्या माणसांनी मानकं वेळेत लागू केल्याबद्दल आमच्या खात्याचं कौतुक केलं. मला एक काचेचं स्मृतिचिन्ह मिळालं. ते मी घरी नेलं नाही.

मामांच्या शेवटच्या दिवशी कँटीनमध्ये शाल आणि नारळ झाला. साहेबांनी भाषण केलं. वक्तशीरपणा, निष्ठा, एक दिवसही खाडा नाही, असं सगळं ते बोलले; मधले मुद्दाम सांगून करवलेले खाडे कुणी मोजले नाहीत. मामा हात जोडून उभे होते. शाल त्यांनी खांद्यावरून पडू नये म्हणून काखेत धरून ठेवली होती. डिझाइनच्या पोरांनी सेल्फी काढले. खरं सांगते, पोरं रडवेली झाली होती, आणि उद्या एसी येणार म्हणून खूशही होती. दोन्ही खरं होतं.

संध्याकाळी मामांनी आम्हाला परत आणलं. कुरुळीला त्यांच्या घरावरून गाडी गेली तेव्हा त्यांनी तिकडे पाहिलं नाही. एकेक जण उतरत गेला, प्रत्येक जण पुढच्या दाराने उतरला, म्हणजे मामांचा हात हातात घेता येईल. आकुर्डीला मी शेवटची उरले. मी उठले तसं मामांनी इंजिन बंद केलं.

“ताई, तुमी हिशोबातल्या हाय. मला येकदा नीट सांगा. कुनी धड सांगंना. साहेब म्हनत्यात, तुमचं काय बी चुकलं न्हाई. घरी बायको इचारती, मंग काडलं कशापायी? तिला काय सांगू?”

मला त्यांना काहीतरी गोड सांगता आलं असतं. लोकांना एसी हवा होता, हेही खोटं नव्हतं. पण हा माणूस कधी माझ्याशी खोटं बोलला नव्हता, म्हणून मी आहे तसं सांगितलं.

“मामा, तुमची बस एकच. ती रोज आली, आणि आमच्याशिवाय कुणासाठी चालली नाही. आमच्या हिशोबाच्या पुस्तकात लिहिलंय, की असं असेल तर ती बस जवळजवळ कंपनीचीच समजायची, आणि तसं कागदावर दाखवायचं. कंपनीला ते दाखवायचं नव्हतं.”

मला वाटलं मामा चिडतील, निदान साहेबांना एक शिवी घालतील. मी वाट बघत होते, कारण मला ती ऐकायची होती.

“मंग बरोबरच लिवलंय की पुस्तकात,” मामा म्हणाले. “कंपनीचीच हुती ती. मला तर म्हाईत हुतं. कंपनीलाच म्हाईत न्हवतं व्हय?”

मी खाली उतरले तर स्टॉपमागे कुणीतरी टेम्पो आडवा लावून ठेवलेला, आणि मामांना गाडी वळवायला जागा होईना. मी पर्स खांद्याला अडकवली, बसच्या मागे जाऊन उभी राहिले, आणि हात हलवत ओरडत राहिले, “येऊ द्या, मामा, येऊ द्या, अजून येऊ द्या.”